परदेशात घरी बिअर बनवताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

परदेशात राहायला आल्यावर ज्यांना घरी बिअर बनवायची हौस लागली, किंवा लागू पाहते आहे, त्यांच्याकडून तेच तेच प्रश्न मला गेली काही वर्षं येत आहेत. त्यांची उत्तरं इथे एकत्र लिहिली आहेत. मी दोन देशांत, चार भाड्याच्या घरांत बिअर बनवली आहे. एक गोष्ट आधीच सांगतो, कारण पुढची निम्मी उत्तरं तिच्यावरच उभी आहेत: बिअर बनवतं ते यीस्ट, म्हणजे साखर खाऊन मद्यार्क आणि वायू तयार करणारे सूक्ष्मजीव; आपण नाही. आपलं काम त्याला चांगलं खायला देणं, योग्य तापमानात ठेवणं आणि दुसऱ्या कोणाला त्याच्या घरात शिरू न देणं, एवढंच.

क्राफ्ट बिअर म्हणजे नेमकं काय?

छोट्या, स्वतंत्र कारखान्यात, चवीला पहिलं स्थान देऊन केलेली बिअर. काटेकोर व्याख्या प्रत्येक देशात वेगळी आहे आणि तिच्यावर वाद घालण्यात फारसा अर्थ नाही. इतिहास मात्र माहीत असावा. ब्रिटनमध्ये १९७१ साली पिणाऱ्यांनीच 'कॅमरा' ही संघटना काढली आणि पिंपात जिवंत यीस्टसह मुरणारी पारंपरिक एल, म्हणजे उबेत आंबवलेली बिअर, वाचवली. अमेरिकेत १९६५ साली फ्रिट्झ मेटॅग यांनी सॅन फ्रान्सिस्कोच्या बुडत्या अँकर ब्रुअरीत पैसे घातले. १९७६ साली जॅक मॅकॉलिफ यांनी सोनोमात न्यू अल्बियन ही ब्रुअरी सुरू केली. सिएरा नेवाडा ब्रुअरी काढणारे केन ग्रॉसमन तर आधी घरगुती बिअरच्या सामानाचं दुकान चालवत होते. म्हणजे आज दुकानात दिसणाऱ्या रंगीबेरंगी कॅनची मुळं बऱ्याच अंशी कोणाच्या तरी स्वयंपाकघरात आहेत. म्हणूनच मी या दोन गोष्टी वेगळ्या मानत नाही.

मी राहतो त्या देशात घरी बिअर बनवणं कायदेशीर आहे का?

सामान घेण्याआधी हे बघाच. आपण पाहुणे आहोत, व्हिसावर आहोत, त्यामुळे 'सगळेच करतात' हे कारण आपल्याला पुरणार नाही.

अमेरिकेत जिमी कार्टर यांनी ऑक्टोबर १९७८ मध्ये सही केलेला कायदा फेब्रुवारी १९७९ पासून लागू झाला. घरात एक प्रौढ असेल तर वर्षाला १०० गॅलन आणि दोन किंवा अधिक प्रौढ असतील तर २०० गॅलन बिअर करमुक्त बनवता येते. १०० गॅलन म्हणजे साधारण ३७८ लिटर. मात्र राज्यांचे कायदे वेगळे असतात. अलाबामा आणि मिसिसिपी इथे तर २०१३ साली परवानगी मिळाली. ब्रिटनमध्ये १९६३ पासून स्वतःपुरती बिअर बनवायला परवाना लागत नाही. जर्मनीत २०२४ पासून वर्षाला ५०० लिटरपर्यंत कर नाही. आधी ही मर्यादा २०० लिटर होती. सिंगापूरमध्ये एका घराला महिन्याला ३० लिटरची मर्यादा आहे. जपानमध्ये मात्र परवान्याशिवाय १ टक्का किंवा त्याहून जास्त मद्यार्क असलेलं काहीही घरी आंबवता येत नाही, आणि कुवेतसारख्या देशात मद्यच बेकायदा आहे. अशा ठिकाणी विषय तिथेच थांबवा. नियम बदलत असतात, तेव्हा सरकारी संकेतस्थळावर एकदा स्वतः वाचा. शिवाय घराचा करारही वाचा.

हीच बिअर गाळून कडक दारू केली तर?

नाही. ऊर्ध्वपातन हा पूर्णपणे वेगळा विषय आहे आणि बहुतेक देशांत परवान्याशिवाय ते गुन्हा आहे. न्यूझीलंडने १९९६ साली घरगुती वापरासाठी मुभा दिली, पण तो अपवाद. त्यात आगीचा धोकाही खरा आहे.

मिथेनॉलचं विष होईल का?

धान्याच्या साध्या आंबवलेल्या बिअरमध्ये धोका व्हावा इतकं मिथेनॉल तयार होत नाही. ही भीती मनातून काढून टाका.

बनवलेली बिअर विकता येईल का?

नाही. मित्रांना पाजणं बहुतेक ठिकाणी चालतं, पैसे घेणं चालत नाही. 'फक्त सामानाचा खर्च दे' असं म्हणूनही घेऊ नका.

सुरुवातीला काय काय लागतं?

वाटतं त्यापेक्षा कमी. १५ ते २० लिटरचं एक मोठं पातेलं, झाकणाचा फर्मेंटर (बिअर आंबवायचं भांडं), एअरलॉक (आतला वायू बाहेर सोडणारी, पण हवा आत न येऊ देणारी झडप), थर्मामीटर, हायड्रोमीटर (द्रवाची घनता मोजून साखर किती उरली ते दाखवणारं उपकरण), बिअर ओतायची नळी, बाटल्या, बुचं आणि बुचं दाबायचं यंत्र. भाड्याच्या लहान घरात राहत असाल तर २० लिटरच्या मागे लागू नका. ८-१० लिटरची बॅच घरच्या शेगडीवर सहज उकळते, बाथटबमध्ये बर्फ टाकून लवकर थंड होते आणि बिघडली तरी फार वाईट वाटत नाही. मी आजही नवी कृती आधी ८ लिटरचीच करून बघतो.

गॅसची मोठी बाहेर वापरायची शेगडी मात्र कधीच घरात किंवा बंद गॅरेजमध्ये लावू नका. जळताना निघणाऱ्या विषारी कार्बन मोनॉक्साईडला वास नसतो.

एक्स्ट्रॅक्टपासून सुरुवात करावी की थेट धान्यापासून?

माल्ट म्हणजे मोड आणून वाळवलेलं धान्य, बहुधा जव. माल्ट एक्स्ट्रॅक्ट म्हणजे कोणीतरी आधीच ते भिजवून, गोडवा काढून, आटवून दिलेला पाक किंवा पूड. त्यातून उत्तम बिअर होते आणि पहिल्या एक-दोन बॅचसाठी तो चांगलाच. पण धान्याकडे वळायला घाबरू नका. ऑस्ट्रेलियातल्या हौशी लोकांनी रुजवलेली पिशवीची पद्धत भाड्याच्या घरासाठीच केली असावी असं वाटतं: मोठ्या पातळ कापडी पिशवीत भरडलेलं माल्ट घालून ती पातेल्यातच सोडायची, तासाभराने पिशवी उचलून निथळू द्यायची, आणि त्याच पातेल्यात पुढे उकळायला घ्यायचं. वेगळी भांडी लागत नाहीत. २० लिटरसाठी साधारण साडेचार किलो माल्ट घेतलं तर ५ टक्क्यांच्या आसपासची बिअर होते.

बिअर बनवायचा दिवस कसा असतो?

माझा असा असतो. सकाळी पाणी तापत ठेवायचं, ७० अंशांच्या आसपास आलं की माल्ट घालायचं. थंड धान्य पडल्यावर तापमान ६६ वर उतरतं. ६५ ते ६८ अंश हे ठरवलेलं आहे ते उगीच नाही. माल्टमधली एन्झाइम्स या टप्प्यात धान्यातल्या स्टार्चची साखर करतात. खालच्या बाजूला राहिलात तर यीस्टला खाता येणारी साखर जास्त, म्हणून बिअर हलकी आणि कोरडी; वरच्या बाजूला गेलात तर अंगाने भरलेली. दोन अंशांचा फरक ग्लासमध्ये कळतो.

तासाभराने पिशवी उचलली की हाती उरतो तो वर्ट, म्हणजे माल्टचा गोड काढा. घरभर भाजलेल्या धान्याचा वास असतो. मग तासभर उकळणं. हॉप्स म्हणजे बिअरला कडवटपणा आणि सुगंध देणारी एका वेलीची फुलं. त्यांच्यातली कडू आम्लं लांब उकळल्यावरच विरघळून कडवटपणा देतात, म्हणून कडवटपणाचे हॉप्स सुरुवातीला आणि सुगंधाचे शेवटी. उकळताना झाकण ठेवू नका. शिजलेल्या मक्यासारखा वास देणारा डायमिथाइल सल्फाईड वाफेबरोबर जायला हवा. पहिल्या दहा मिनिटांत फेस एकदम वर येतो, त्यावेळी पातेल्याजवळून हलू नका. उतू गेलेला वर्ट शेगडीवर करपून बसतो आणि घासायला दुसरा दिवस जातो.

मग भरभर थंड करणं, फर्मेंटरमध्ये ओतणं, यीस्ट घालणं. इथून पुढे ज्याला हात लागेल ते सगळं निर्जंतुक हवं.

धुतलं की पुरे, की आणखी काही करावं लागतं?

धुणं वेगळं आणि निर्जंतुक करणं वेगळं. आधी मळ घालवायचा, मग जंतू. मळावर औषध ओतलं तर ते मळाखालच्या जंतूंपर्यंत पोचत नाही. फॉस्फोरिक आम्लाचं, पुन्हा धुवावं न लागणारं द्रावण, स्टारसॅन किंवा त्यासारखं, सर्वांत सोपं. फेस राहिला तरी चालतं. प्लास्टिकच्या फर्मेंटरला आतून तारेची घासणी कधीच लावू नका, ओरखड्यांत जंतू घर करतात.

नळाचं पाणी चालेल का?

हा माझा सर्वांत आवडता प्रश्न आहे, कारण नव्या गावाची ओळख मला पाण्यानेच होते.

बिअरमध्ये नव्वद टक्क्यांहून जास्त पाणी असतं, आणि युरोपातल्या जुन्या शैली बऱ्याच अंशी तिथल्या पाण्यानेच घडवल्या. इंग्लंडच्या बर्टन अपॉन ट्रेंटच्या विहिरींत जिप्सम भरपूर, म्हणून तिथली पेल एल कोरडी आणि कडवटपणा स्वच्छ उठून दिसणारी. चेकियातल्या पिल्झनचं पाणी अगदी मऊ, म्हणून १८४२ पासून तिथे बनणारी सोनेरी लागर (थंडीत आंबवलेली बिअर) इतकी नाजूक. डब्लिनच्या पाण्यात बायकार्बोनेट जास्त; भाजलेल्या काळ्या माल्टच्या आंबटपणाने त्याचा तोल साधला जातो, म्हणून तिथे स्टाउट ही काळी बिअर रुजली. लोकांनी शैली आधी ठरवून पाणी शोधलं नाही. जे पाणी होतं त्याला शोभेल ती बिअर टिकली.

तेव्हा नव्या गावात आल्यावर पाणीपुरवठा खात्याचा अहवाल काढा. कॅल्शियम, सल्फेट, क्लोराईड आणि बायकार्बोनेट हे चार आकडे बघा. सल्फेट जास्त असेल तर हॉप्स धारदार लागतात, क्लोराईड जास्त असेल तर माल्ट गोलसर लागतं. पाणी जड असेल तर गडद बिअरपासून सुरुवात करा, मऊ असेल तर फिकट. माझ्या दुसऱ्या देशातल्या पहिल्या तीन फिकट एल तुरट झाल्या. कृती तीच होती, माल्टही तेच होतं. अहवाल बघितल्यावर कारण कळलं: पाणी जड होतं. मग मी एक पोर्टर, म्हणजे गडद बिअर, केली, आणि ती मी आजवर केलेल्या चांगल्या बिअरपैकी एक निघाली.

नळाच्या पाण्यात बहुतेक ठिकाणी शुद्धीकरणासाठी घातलेलं क्लोरीन किंवा क्लोरामाईन असतं. क्लोरीन उकळून जातं, क्लोरामाईन सहजी जात नाही, आणि बिअरला दवाखान्यातल्या चिकटपट्टीसारखी चव येते. उपाय सोपा आहे: मेटाबायसल्फाईटची, कॅम्पडेन नावाने मिळणारी एक गोळी साधारण ७५ लिटर पाण्याला पुरते. आपल्या पातेल्याला पाव ते अर्धी गोळी चुरून टाका, ढवळा, काही मिनिटांत काम होतं. घरात पाणी मऊ करायचं यंत्र असेल तर त्याच्या आधीच्या नळाचं पाणी घ्या, कारण यंत्रातून सोडियम मिसळतं.

एअरलॉकमधले बुडबुडे थांबले. बिअर झाली का?

माहीत नाही, आणि बुडबुड्यांनाही माहीत नाही. हायड्रोमीटर बुडवा. समजा सुरुवातीला १.०४८ होतं आणि आता १.०१० आहे, वजाबाकी करून १३१.२५ ने गुणा, जवळपास ५ टक्के मद्यार्क येतो. दोन-तीन दिवसांच्या अंतराने दोनदा मोजा. आकडा तोच आला तर झाली.

बाटल्या खरंच फुटतात का?

फुटतात. माझ्या फुटल्या आहेत. पहिल्याच हिवाळ्यात सहाव्या दिवशी बुडबुडे थांबले म्हणून मी बाटल्या भरल्या. खोली थंड होती, यीस्ट झोपलं होतं, काम संपलं नव्हतं. तीन आठवड्यांनी रात्री कपाटातून आवाज आला. सकाळी उघडलं तर तीन बाटल्यांचे तुकडे कपाटाच्या लाकडात रुतलेले. तिथे त्यावेळी कोणी नव्हतं, हे नशीब.

हिशेब असा आहे. बाटलीत फेस यावा म्हणून आपण लिटरला साधारण ६ ग्रॅम साखर घालतो, म्हणजे २० लिटरला १२० ग्रॅम. हायड्रोमीटरवर ४ अंक आंबायचे राहिले असतील, १.०१४ ऐवजी १.०१० व्हायला हवं होतं, तर लिटरमागे सुमारे ८ ग्रॅम साखर अजून शिल्लक आहे. म्हणजे आपण घातलेल्यापेक्षा जास्त. दाब दुपटीच्या पुढे जातो. म्हणून मोजल्याशिवाय भरू नका, साखर चमच्याने नाही तर काट्यावर मोजा, दारूच्या पातळ काचेच्या किंवा पिळायच्या झाकणाच्या बाटल्या वापरू नका, आणि पहिले दोन आठवडे बाटल्या झाकणाच्या खोक्यात ठेवा. एखादी बाटली उघडताना कारंजं उडालं तर बाकीच्या सगळ्या फ्रीजमध्ये ठेवा आणि हाताळताना डोळ्यांना चष्मा लावा.

घरात उन्हाळ्यात ३० अंश असतात. काय करू?

बहुतेक एल यीस्टला १८ ते २२ अंश आवडतात, लागरच्या यीस्टला ८ ते १३. शिवाय आंबताना आतली बिअर खोलीपेक्षा दोन-चार अंश गरम असते, हे लोक विसरतात. गरमीत यीस्ट घाई करतं आणि घशाला चटका देणारे जड अल्कोहोल तयार करतं. फर्मेंटर पाण्याच्या घमेल्यात ठेवा, त्यावर ओला टॉवेल गुंडाळा, पंखा लावा, गोठवलेल्या पाण्याच्या बाटल्या बदलत राहा. चार-पाच अंश नक्की उतरतात.

किंवा निसर्गाच्या बाजूने जा. नॉर्वेच्या शेतकऱ्यांनी पिढ्यानपिढ्या जपलेलं 'क्वाइक' यीस्ट ३० ते ४० अंशांत आनंदाने काम करतं आणि चवही स्वच्छ ठेवतं. तिथे ते लाकडी कड्यांवर वाळवून पुढच्या खेपेपर्यंत ठेवत. उकाड्याच्या खोलीत राहणाऱ्याला यापेक्षा चांगला सोबती मिळणार नाही.

चव बिघडली आहे हे कशावरून ओळखायचं?

हिरव्या सफरचंदाचा वास: घाई झाली, अजून काही दिवस यीस्टवर राहू द्या. लोण्यासारखी चव: डायअॅसिटिल, शेवटचे दोन-तीन दिवस थोडं गरम ठेवलं की यीस्टच ते खाऊन टाकतं. ओल्या पुठ्ठ्याची चव: ओतताना हवा मिसळली, नळी तळापर्यंत घाला. उग्र, स्कंक या प्राण्याच्या वासाची आठवण देणारा दर्प: हॉप्सवर ऊन पडलं, तपकिरी बाटल्या वापरा. आंबट आणि वरती पातळ साय: बाहेरचा जंतू शिरला, ओतून टाका आणि प्लास्टिकच्या नळ्या बदला.

राहतो त्या देशातल्या शैलीपासूनच सुरुवात करावी का?

माझं मत: हो. कारण ताजा नमुना हाताशी असतो. आयात केलेली, सहा महिने गोदामात राहिलेली बिअर पिऊन तिची नक्कल केली तर आपण शिळेपणाची नक्कल करतो. इंग्लंडमध्ये असाल तर हातपंपाने ओढलेली बिटर ही तिथली एल तळघराच्या तापमानाला प्या, मगच बनवा. जर्मनीतल्या कोलोनमध्ये असाल तर ब्रुअरीच्या बारमध्ये बसा. तिथे २०० मिलिलिटरच्या सरळ, बारीक ग्लासात कोल्श ही तिथली बिअर येते आणि ग्लासावर कागदी चकती ठेवेपर्यंत वाढपी नवा ग्लास आणत राहतो. इतका छोटा ग्लास का, हे तिसऱ्या ग्लासाला कळतं: शेवटचा घोटही पहिल्याइतकाच ताजा आणि थंड. बेल्जियममध्ये प्रत्येक बिअरचा ग्लास वेगळा असतो. तिथली बिअर संस्कृती युनेस्कोने २०१६ साली आपल्या यादीत घेतली.

घरी बिअर बनवणाऱ्यांच्या क्लबात जायचं धाडस होत नाही. तिथे सगळे स्थानिक असतात.

जा. मी आठ महिने टाळलं होतं. पहिल्यांदा गेलो तेव्हा एका वाचनालयाच्या मागच्या खोलीत पंधरा जण होते, टेबलावर लेबल नसलेल्या बाटल्या आणि पाण्याचा जग. कुठून आलात, काय करता, हे कोणी विचारलं नाही. एका वयस्क सभासदाने माझी बाटली उघडली, दोन बोटं ओतली, दिव्यासमोर धरली, हुंगली, एक घोट घेतला आणि विचारलं, 'सव्वीस होतं का?' मी खोलीचं तापमान वहीत बघितलं. सव्वीसच होतं. पुढच्या शनिवारी त्यांनी गाडीतून एक जुना फ्रीज आणि थर्मोस्टॅट आणून माझ्या दारात उतरवला. परक्या देशात कामाबाहेरची माझी पहिली ओळख ती.

भाषा अडखळत असेल तरी हरकत नाही. क्लबात माणूस 'किती अंशाला ठेवलीत' या प्रश्नातून बोलायला लागतो. फक्त रिकाम्या हाताने जाऊ नका. बिघडलेली बाटली नेली तरी चालते, उलट तिच्यावरच जास्त बोलणं होतं. आणि गाडी चालवून जाऊ नका.

स्पर्धेत भाग घ्यावा का?

घ्या, बक्षिसासाठी नाही, शेऱ्यासाठी. १९८५ साली सुरू झालेल्या बीजेसीपी या बिअर परीक्षकांच्या संस्थेच्या पद्धतीत परीक्षक ५० पैकी गुण देतात: सुगंध १२, रूप ३, चव २०, तोंडातली जाणीव ५, एकूण परिणाम १०. त्यांना तुमचं नाव माहीत नसतं. मित्र 'छान आहे' म्हणतात. परीक्षक कुठे काय चुकलं ते लिहून देतो.

उरलेला चोथा कुत्र्याला घालू का?

हॉप्स असलेला चोथा अजिबात नको. हॉप्सने कुत्र्याचा ताप जीवघेणा वाढू शकतो. कचऱ्यातही झाकण लावून टाका.

देश बदलताना सामान बरोबर न्यावं का?

वजन बघता, नाही. हायड्रोमीटर, वही आणि वाळवलेलं यीस्ट एवढंच न्यावं, तेही नियम बघून. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडला धान्य, बियाणं, हॉप्स अशा गोष्टी उतरताना जाहीर कराव्याच लागतात. बाकीचं क्लबात नव्याने आलेल्याला द्या. मी आत्ता वापरतो तो फर्मेंटर असाच आला. त्याच्या बाजूला कोणीतरी पेन्सिलीने लिटरच्या खुणा केल्या आहेत आणि अठराच्या रेघेशी माझ्या ओळखीची नसलेल्या लिपीत दोन शब्द लिहिले आहेत. मी आतून बाहेरून शंभर वेळा धुतला आहे, पण ती जागा सोडून.